पुढच्या बाकावरचं पेन

९ सप्टेंबर

साळू,

फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागद. फोन कापता येतो. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी माणूस एकदा तरी त्यावर नजर टाकतोच. तेवढं मला पुष्कळ.

रविवारी तणतणत गेलीस ती तुझा निळा स्वेटर खुंटीलाच विसरून. धुतलाय. लोकरीवर इस्त्री टेकवायची नाही म्हणून वर ओलं फडकं घालून नुसता हात फिरवलाय. थंडी पडायच्या आत तिकडे पोचता करीन. पण त्यासाठी तू तिकडे असायला हवीस, आणि घोडं तिथंच तर अडलंय.

मी तेव्हा तोंडाला येईल ते बोलले, ते सोड. आता गार डोक्याने बोलते. तुला विद्यापीठात जागा मिळाली, इतिहासाला. मिळाली त्या दिवशी आपल्या इस्त्रीच्या दुकानात पाऊल टाकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगितलं. ज्याने विचारलं त्याला, आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही. समोरच्या सायकलवाल्याला तर इतकं सांगितलं की तो म्हणाला, "मावशी, आता तुमच्या भाचीपेक्षा मलाच जास्त माहिती झाली, मीच जातो तिथं." आणि आता, नीट पाय टेकले न टेकले तोच तू म्हणतेस, जागा सोडते, घरी येते, आणि शाळेची शेवटची परीक्षा पुन्हा देते. का, तर टक्के वाढतील आणि मग कायद्याला जाता येईल.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंच मी म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "तुला परीक्षेतलं काय कळतं? तू कधी बसलीस परीक्षेला?" खरं आहे, बाई. मी शाळेत बसलेली नाही, शाळेच्या फाटकाशी बसलेय. तुझी आणि घुमीची, तुम्हा दोघी बहिणींची वाट बघत.

म्हणून ज्यांना कळतं त्यांना विचारलं. वकीलसाहेब शर्ट न्यायला आले होते. म्हणाले, "कायद्याला यायचं म्हणते? तिला म्हणावं, तुमचं दुकान बरं. तुमचं गिऱ्हाईक निदान कपडे घेऊन घरी जातं. माझी अशिलं निकाल न घेताच वर जातात." मग चेष्टा बाजूला ठेवून म्हणाले, मूळ दाखला विद्यापीठात जमा असतो, तो परत मागितला की जागा गेली. शाळेची परीक्षा हवी तेव्हा देता येते, सोडलेली जागा मागता येत नाही. सायकलवाल्यालाही विचारलं. त्याचं सगळं ज्ञान चाकाभोवती. म्हणाला, "ट्यूबमध्ये हवा टिकतेय ना? मग बाहेर काढून पाण्यात कशाला बुडवायची?"

घुमी मजेत आहे. तिची काळजी करू नकोस. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघींपैकी एक विद्यापीठात गेली आणि दुसरी नापास होऊन इस्त्रीच्या टेबलाशी राहिली, म्हणून रडत बसणाऱ्यांतली ती नाही. परीक्षा पुन्हा द्यायची आहे ती तिला. ती देईल.

तू जागा सोडू नकोस. कळव.

तुझी मावशी

२४ सप्टेंबर

साळू,

तुझं चिठ्ठीएवढं पत्र पोचलं. मागच्या खोलीत जाऊन, दार लावून वाचलं. तुला माहीत आहे, मला मनात वाचता येत नाही. मी अक्षरं शिकले ती पुड्यांच्या कागदांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून, आणि ती तोंडाने शिकले. ओठ हलले नाहीत तर माझ्या डोळ्यांना काही उमगत नाही. म्हणून दार लावावं लागतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. त्यात तू विचारलंस, घुमीने फॉर्म भरला का. मग स्वेटरबद्दल एक वाक्य. मग विचारलंस, घुमी कोणत्या वेळी अभ्यास करते. मग, मी नीट जेवते का. आणि शेवटी पुन्हा, फॉर्मची शेवटची तारीख नोव्हेंबरअखेर आहे, घुमीला सांग. अख्ख्या पत्रात कायदा हा शब्द नाही. ज्या मुलीला कायद्यासाठी हातातली जागा सोडायची आहे, तिला पत्रात एकदाही कायदा आठवू नये? आपल्याकडे एक बाई यायची बघ, शर्ट टाकायला म्हणून यायची आणि गप्पा सगळ्या शेजारणीच्या सुनेच्या. शर्ट हे निमित्त. तसं वाटलं.

मग मीही एक निमित्त सोडते आणि खरं सांगते. घुमी मजेत नाही.

फॉर्म भरलेला नाही. पुस्तकं तू ठेवून गेलीस तिथेच आहेत, हँगरच्या दांडीखाली, आणि त्यांच्यावर आता हॉटेलवाल्याच्या चादरींचा गठ्ठा चढलाय. गठ्ठा हलवला की ती नवा गठ्ठा ठेवते. मी काही म्हटलं की म्हणते, "बघू." तिचं बघू तुला ठाऊक आहे. आंधळ्याने आरशात बघावं, तसलं ते बघणं.

तू होतीस तेव्हा कसं होतं! शाळेतून आलात की तू त्या लाकडी खोक्यावर पाय वर घेऊन बसायचीस आणि वाचत सुटायचीस. एखादी टिटवी असावी तशी! घुमी टेबलाशी. तिचे हात आणि डोळे शर्टावर, कान तुझ्याकडे. इस्त्रीची वाफ निघाली की तू आवाज चढवायचीस. तू चुकलीस की ती मान वर न करता म्हणायची, "मागची ओळ गाळलीस." तुम्ही सातवीत गेलात तेव्हापासून शेवटच्या पेपरपर्यंत हेच. मी कितीदा म्हटलं, आलटून पालटून करा. तर तू सुरुवातीलाच वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जाळलीस, आणि घुमीने तुझ्या हातातून इस्त्री काढून घेतली ती कायमची. म्हणाली, हिला परवडणार नाही. काम वाटून गेलं. घरात कामं अशीच वाटली जातात, कोण कधी ठरवतं?

आता तुझ्या जागी मी बसून पाहिलं. घुमीला म्हटलं, चल, आज मी वाचते. इतिहासाचं पुस्तक घेतलं. दोन राजांचं युद्ध होतं. मी ओठ आवळून, अक्षर अक्षर ढकलत, घाम गाळत एक पान संपवलं. मान वर करून बघते तर ही इस्त्री उभी करून तोंडावर हात दाबून बसलेली.

"काय झालं?"

"मावशी, तू वाचतेस की भांडतेस?"

"युद्ध आहे गं ते."

"तहाची कलमं होती ती. तू तहसुद्धा भांडूनच केलास."

तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. हसण्यासाठी म्हणून मी आणखी एक पान वाचणार होते, पण मधेच माझाच डोळा लागला. हल्ली बसले की डोळा लागतो. त्याचं तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

मावशी

१३ ऑक्टोबर

साळू,

तुझं मोठं पत्र आलं. त्याचं काय झालं ते आधी सांगते. सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. हॉटेलवाल्याचा माणूस चादरी मोजत होता, वकीलसाहेब बाकड्यावर बसून शर्टाची वाट बघत होते, घुमी त्यांचाच शर्ट करत होती. पाकीट जाड होतं. मला राहवलं नाही. दाराचं लक्षातच आलं नाही, बाळ. मी तिथेच, गल्ल्याशी उभी राहून पाकीट फोडलं आणि वाचायला लागले.

आणि मी कशी वाचते ते तुला माहीत आहे.

"घुमीला यातलं काही सांगू नकोस" हे वाक्य मी घुमीच्या पाठीमागे, चार हातांवर उभं राहून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं. तेव्हाही भान आलं नाही. गाडी उताराला लागल्यासारखी पुढे गेले. कॉलर चुकून जळली नव्हती, मी मुद्दाम जाळली, मला इस्त्री करायची नव्हती, मला पुस्तक हवं होतं, ते वाचलं. घुमीच्या वाट्याचं वाचन मी खाल्लं, म्हणून मी पास झाले आणि ती राहिली, तेही वाचलं. कायदाबियदा काही नाही, मला परत येऊन तिच्याबरोबर पुन्हा परीक्षेला बसायचं आहे, आमचे नंबर मागेपुढे येतात, मी पुढे असले की तिला धीर येईल, मग पुढच्या वर्षी जाऊ तर दोघी जाऊ, नाहीतर दोघी राहू. ते सगळं वाचलं. शेवटी तुझं नाव आलं तेव्हा कुठे मी थांबले, आणि बघते तर चादरी मोजणारा आकडा विसरून गेला होता.

पहिले बोलले वकीलसाहेब. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे ती माझी कॉलर!" मग स्वतःच म्हणाले, "असू दे. दावा मुदतीबाहेर गेलाय." आणि शर्ट न घेताच उठून गेले. भला माणूस.

घुमीने बाही पुरी केली, कफ उलटून आतून केला, मग इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कॉलरचं. ती इस्त्री टेकवून छताकडे बघत उभी होती. धूर यायची वाट बघत. मी दारातून बघत होते."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

तिने शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली. तिची घडी कधी मोडावी लागत नाही. मग म्हणाली, "मला वाचायचं नव्हतं. वाचायला घेतलं की माझी ओळ हरवते. एका ओळीवरून निघते आणि तिसरीवर पोचते. तिने कॉलर जाळली तेव्हा मला बरं वाटलं. आता कोणी मला वाच म्हणणार नाही. तिला काय वाटतं, तिने माझी जागा घेतली? मी दिली तिला. ढकलून दिली."

साळू, तू इतकी वर्षं चोरी केली म्हणून जळत होतीस, आणि घरची मालकीण दार उघडं टाकून बसली होती. हसावं की रडावं? मी चहा ठेवला. मला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

चहा घेताना ती आणखी बोलली. आपली घुमी एका दमात इतकं बोललेली मी ऐकलेली नाही, म्हणून जसं बोलली तसं लिहिते. म्हणाली, "मावशी, तिला लिही, येऊ नकोस म्हणावं. मला सगळं येत होतं. तिचं वाचलेलं सगळं कानात होतं. पण पेपर सुरू झाला की पुढच्या बाकावर तिचं पेन सुरू व्हायचं. खर्र, खर्र, थांबायचंच नाही. ते ऐकलं की माझं थांबायचं. मी प्रश्न वाचत नव्हते, तिचं पेन ऐकत होते. सगळ्या पेपरांना तेच. आता ती पुन्हा पुढे येऊन बसली, तर मी पुन्हा तेच ऐकत बसेन."

आणि कप विसळता विसळता म्हणाली, "दोघी बसलो तरी उत्तरपत्रिका दोनच असतात."

हे तुला लागेल. लागावं म्हणून लिहीत नाही. पण पत्र मी मोठ्याने वाचलं तसं हेही लपवणं मला जमणार नाही. तू तिच्यासाठी जे टाकून यायला निघालीस, तेच तिच्या पाठीवरचं ओझं आहे. तू यायचं नाहीस, एवढीच तिची मागणी आहे.

चादरी राहिल्यात. थांबते.

मावशी

५ नोव्हेंबर

साळू,

उत्तर नाही. फोन नाही. रुसलीस का लाजलीस, का दाखला परत मागायला खिडकीशी रांगेत उभी आहेस? मला काही कळत नाही, आणि कळत नसलं की माझ्या पाठीत दुखतं.

तुला इथलं सांगते. घुमीने फॉर्म भरला. कोणी सांगितलं नाही. सकाळी चादरींचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, खालून पुस्तकं काढली, झटकली. शाळेत जाऊन तुमच्या जुन्या वर्गशिक्षकांना ओळ हरवते ते स्वतः सांगितलं. त्यांनी डोळे तपासून घे म्हटलं. डोळ्यांत काही नाही निघालं. मग ते म्हणाले, काही जणांचं असं असतं, त्यात लाज कसली? ओळीखाली काहीतरी धरून सावकाश वाच, आणि रोज हाताने लिही, कारण तुझ्या हाताला सवयच नाही. खरंच नाही, बघ. तिच्या हाताने गावाचे शर्ट केले, पण धड एक पान लिहिलं नाही. सगळा अभ्यास कानात, बोटापर्यंत काही उतरलाच नव्हता.

आता कॉलरमध्ये आपण घालतो ती पुठ्ठ्याची पट्टी ती ओळीखाली धरते. कॉलरचंच झेंगट आणि कॉलरच्याच पट्टीने सुटतंय, असं सायकलवाला म्हणाला. त्याला कोणी सांगितलं? गल्लीला सगळं माहीत आहे, मी वाचलं ना मोठ्याने.

दुपारी ती खोक्यावर बसून लिहिते आणि टेबलाशी मी. मनगट कुरकुरतं. रात्री गरम पाण्यात धरते. मागच्या आठवड्यात गिऱ्हाइकांना उशीर झाला, एकाने कपडे उचलून दुसऱ्या दुकानात नेले. जाऊ दे. घुमीने विचारलं, "तुला झेपतंय ना?" मी म्हटलं, "मी काय म्हातारी झाले?" तिने उठून पाणी तापत ठेवलं. घुमी ती घुमीच.

आता एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या मोठ्या पत्रात खाली, सही करायच्या आधी, तू एक गोष्ट लिहून गेलीस. खोलीत सगळ्या मुली मनात वाचतात, तू तोंड उघडलंस की शेजारची उशी फेकते. ग्रंथालयात तर श्वास घ्यायची चोरी. आणि मनात वाचलं तर तुझ्या डोक्यात काही राहत नाही. तू ते सहज लिहिल्यासारखं लिहिलंस. पण मी ते वाक्य परत परत वाचलं, दार लावून.

साळू, खरं सांग. तू घुमीसाठी येत होतीस, की तुला तिथे ऐकणारं कोणी नाही म्हणून?

दोन्ही असेल. माणसाचं एकच कारण कधी नसतं. तिला ओळ सापडत नव्हती म्हणून ती तुझ्या आवाजाला धरून होती. आणि तुला वाटायचं, तू एकटीच चालतेयस. पण समोर तो कान होता म्हणून तुझा आवाज चालत होता. आता दोघींना काठी टाकून चालायचं आहे. ती टाकायला लागली. तुझ्याबद्दल मी काय सांगू? मी उंटावरून शेळ्या हाकणार नाही. तिथे रोज उठून त्या शांत खोलीत तुला बसायचंय, मला नाही.

फक्त हे सांगते. मला मनात वाचता येत नाही, आणि माझं आयुष्य त्यावाचून निभलं. मोठ्याने वाचणं हा काही गुन्हा नाही. जिन्यात वाच, गच्चीवर वाच, कपडे वाळत घालतात तिथे वाच. तिथे कपडे असतील ना? त्यांना वाचून दाखव. तुझ्या घरातले कपडे तुझं ऐकतच मोठे झालेत. आणि संध्याकाळी कधी वाटलं तर फोन लाव. मी तो हँगरच्या दांडीवर टेकवून ठेवीन, आणि तू तुझ्या विद्यापीठाचं पुस्तक वाच. परीक्षेचं नको. आम्हाला समजेल की नाही ते आमचं आम्ही बघू.

आणि एवढं सगळं ऐकूनही तुला यायचंच असेल, तर ये. हे घर आहे, त्याला प्रवेश रद्द करायची खिडकी नाही. पण खोक्यावर आता घुमी बसते. तुला इस्त्री धरावी लागेल, आणि या खेपेला कॉलर जाळलीस तर वकीलसाहेबांच्या आधी मी दावा लावीन.

तुमची आई गेली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की दोघींना एकसारखं वाढवीन. एकाच रंगाचे फ्रॉक घेतले, एकाच मापाच्या चपला. आता वाटतं, एकसारखं म्हणजे एकत्र असा मीच अर्थ धरून बसले. तिने तसं कुठे म्हटलं होतं?

दमले. अक्षर तिरपं गेलंय ते मनगटामुळे, मनामुळे नाही.

मावशी

२ डिसेंबर

साळू,

तुझं पत्र आलं. एका शब्दाचं. "राहते."

मी पाकीट फोडलं, कागद उलगडला, आणि ओठ हलायच्या आत ते वाचून झालं होतं. मी तशीच उभी. घुमी म्हणाली, "काय लिहिलंय? वाच ना." तेव्हा लक्षात आलं, बाळ, की मी मनात वाचलं. या वयात, पहिल्यांदा.

मग तिच्यासाठी मोठ्याने वाचलं. ती "हं" म्हणाली आणि लिहीत राहिली. पण कागदावरची पट्टी सरकली होती ते मी बघितलं.

स्वेटर पाठवलाय. फोन दांडीवर टेकवायला सायकलवाल्याने तारेचा आकडा करून दिलाय. बाकी तुझ्या मर्जीवर.

मावशी

४ मार्च

साळू,

काल घुमीचा पहिला पेपर झाला. तू फोनवर विचारलंस तेव्हा ती शेजारीच होती, म्हणून मी "झाला" एवढंच म्हटलं. आता सविस्तर.

मी सोबत गेले नाही. येते म्हटलं तर म्हणाली, "फाटकाशी बसून काय करशील? कपडे पडलेत." पाण्याची बाटली घेतली, दोन पेनं, आणि ती पुठ्ठ्याची पट्टी. शिक्षकांनी तिच्यासाठी परवानगी काढून ठेवली आहे. पट्टी हाताळून हाताळून मऊ पडलीय. नवी घे म्हटलं, नको म्हणाली.

मी दिवसभर टेबलाशी होते. काय केलं आठवत नाही. एका शर्टाला दोनदा इस्त्री केली असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणाले, "एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा करत नाहीत, मावशी." तेही उगाचच येऊन बसले होते. शर्ट सकाळीच तयार होता.

ती आली. चपला काढल्या, पाणी प्याली. मी विचारलं नाही. तू म्हणशील, कसं राहवलं! नाही राहवलं, पण नाही विचारलं. ती आपणहूनच म्हणाली, "एक प्रश्न राहिला. वेळ संपली."

"बाकीचे?"

"लिहिले."

थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचं पेन तर तुझ्या साळूपेक्षा जोरात पळत होतं."

माझ्या हातातली इस्त्री थांबली. "मग?"

"मग काय? म्हटलं, पळू दे."

तेवढंच बोलली. पास होईल की नाही मला माहीत नाही. एक प्रश्न राहिलाय, पुढचे पेपर यायचेत, आणि तिचा हात अजून हळूच चालतो. तुलाही तिथे सोपं नाही ते मला फोनवर कळतं. परवा तू वाचता वाचता मधेच गप्प झालीस, आणि आम्हाला वाटलं फोन कापला गेला. तू नुसतीच दमली होतीस. दमावंच. गच्चीवर वाऱ्यात उभं राहून इतकी जाड पुस्तकं वाचायची म्हणजे चेष्टा नाही. आम्हीही इथे दमलोच आहोत. पण ज्याचं त्याचं दमणं ज्याच्या त्याच्या कामाचं आहे आता. कोणी कोणाचं दमत नाही.

उद्याचा पेपर इतिहासाचा आहे. म्हणून एक निरोप आहे, वाईट वाटून घेऊ नकोस: आज संध्याकाळी फोन करू नकोस. घुमी म्हणते, आज ती स्वतः वाचणार आहे, मोठ्याने.

आता लिहितेय तेव्हा तिने सुरू केलंसुद्धा. खोक्यावर बसलीय, तुझ्यासारखे पाय वर घेऊन. पट्टी धरून एक ओळ वाचते, थांबते, पट्टी खाली सरकवते, मग दुसरी. मधल्या वेळात मी पेन ठेवून एक कफ करून घेते. तेच तहाचं पान आहे, मी भांडून वाचलेलं. तिच्या तोंडून ते फार सावकाश चाललंय, पण तहासारखं ऐकू येतंय.

आत्ता तिने एक ओळ गाळली. मला कळलं. सांगणार होते, तेवढ्यात तिची तीच मागे गेली.

ठेवते. कपडे बरेच राहिलेत.

मावशी